सोडून गेलेल्यांना कुणी विचारलं?

तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. उंच, सडपातळ, आणि चालताना मान इकडची तिकडे व्हायची नाही, म्हणून विद्यापीठात पाऊल टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. एकदा तर हजेरी घेणाऱ्या बाईंच्या तोंडूनही तेच निघून गेलं आणि हिने मुकाट्याने 'हजर' म्हणून हात वर केला. नावाचा तिला राग नव्हता. राग तिला दुसऱ्याच गोष्टींचा यायचा, आणि एकदा आला की लवकर जायचा नाही.

वडील शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. आई पडदे शिवायची. घर दोन खोल्यांचं. एकीत शिलाईचं मशीन आणि कापडाचे तागे, दुसरीत माणसं. आई लोकांच्या घरी खिडक्यांची मापं घ्यायला जायची तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला हिला बरोबर न्यायची. अशा परक्या खिडक्या बघत बघतच ही मोठी झाली. एका बंगल्यात स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीला नाक लावून उभी होती. हिने सरळ विचारलं, "ही खिडकी इथे काढायची अक्कल कुणाची?" आईने टेपच्या आडून असा चिमटा काढला की दोन दिवस दंड निळा होता. पण घरी येताना आईच म्हणाली, "खिडकी मूर्खासारखीच होती. पण बोलायचं नसतं."

बोलायचं नसतं, हे काही मोजपट्टीला जन्मभर जमलं नाही. वास्तुकलेला जायचं मात्र तिने त्या चिमट्याच्या दिवशीच ठरवून टाकलं.

वास्तुकला विभागाचा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर होता. लांबच लांब टेबलं, त्यांवर कटरच्या वर्षानुवर्षांच्या चिरा, कोपऱ्यात पुठ्ठ्यांची थप्पी, आणि वाळत चाललेल्या डिंकाचा वास. मोजपट्टीच्या शेजारच्या टेबलावर एक गोल चेहऱ्याची, बुटकीशी मुलगी बसायची. तिच्या पिशवीत कधीही हात घातला तर डिंकाची बाटली लागायची आणि बोटांवर कायम वाळलेल्या डिंकाच्या साली असायच्या. तिला सगळे डिंकी म्हणायचे. कुणाचं मॉडेल मोडलं, कुणाची भिंत पडली की हाक डिंकीला. ती आपलं काम टाकून जायची, आणि परत येऊन आपल्याच उशिरावर हसायची.

आणि विभागप्रमुख सर. पाठीमागे त्यांना हातोडा म्हणत. माणूस हुशार होता, यात वाद नाही. त्यांनी बांधलेल्या इमारती बघायला लोक लांबून येत. पण शिकवण्याची त्यांची एकच पद्धत होती: मोडायचं. ज्युरीच्या दिवशी, म्हणजे विद्यार्थी आपापली मॉडेलं आणि ड्रॉइंग मांडून परीक्षकांसमोर उभे राहतात त्या दिवशी, सर हातात मॉडेल उचलून घेत. आवडलं तर खाली ठेवत. नाही आवडलं तर छत उपटून काढत, भिंत दाबून बघत, कधी सगळंच टेबलाखाली सोडून देत. कागद फाडणं तर नेहमीचंच. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "बाहेरचं जग तुमचे लाड करणार नाही. मी तुम्हाला कणखर करतो. ज्याला रडायचंय त्याने आत्ताच घरचा रस्ता धरावा."

सगळे हसले होते. सर गंमत करतायत असं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विषय होता वृद्धांसाठी दवाखाना. डिंकीने त्यावर जीव ओतला. तिच्या घरी आजोबा होते, पाय गेलेले. आई लवकर गेल्यामुळे आजोबांना धरून चालवणं, बसवणं, उठवणं हे सगळं शाळेत असल्यापासून तिच्याच अंगावर होतं. म्हणून तिच्या दवाखान्यात दर वळणावर एक बाक होता. दारातून डॉक्टरांपर्यंत जाताना म्हाताऱ्या माणसाला कुठेही टेकता यावं, एवढीच कल्पना. मॉडेलमधले ते बाक तिने काडेपेटीच्या काड्यांचे केले होते. बघायला इतके गोड की काकू नावाची मैत्रीण (वयाने बाकीच्यांएवढीच, पण स्वेटर विणत बसायची म्हणून काकू, असं सगळे सांगत) म्हणाली, "मलाच गुडघेदुखी व्हावीशी वाटतेय."

सरांनी मॉडेल उचललं. डोळ्यांजवळ नेलं.

"हे काय आहे?"

"बाक आहेत सर. म्हाताऱ्या माणसांना चालताना मध्ये..."

"दवाखाना आहे की बसस्टँड?"

बाहेरून आलेले दोन परीक्षक हसले. डिंकीही आधी हसली, कारण तिला वाटलं पुढे विचारतील. सर विचारत नव्हते. ते बोटाने एकेक बाक उडवत होते. टिचकी मारावी तसे. मग त्यांनी छत दाबलं आणि ते आत बसलं. "भावनेवर इमारत उभी राहत नाही. घरी आजोबांची सेवा कर. इथे जागा अडवू नकोस." मॉडेल टेबलावर पडलं ते तिरकं, आणि मग तिथून खाली.

प्रत्येकजण आपापल्या ड्रॉइंगकडे बघत होता. मोजपट्टीसुद्धा. तिचा नंबर पुढचाच होता.

डिंकी खाली बसली, काड्या वेचल्या, ओंजळीत घेतल्या आणि बाहेर गेली. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिचं टेबल कुणीतरी पुठ्ठे ठेवायला घेतलं. फोन लागत नव्हता. कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं की तिचे काका येऊन दाखला घेऊन गेले. त्या वर्षी अशी जाणारी ती एकटीच नव्हती. टेबलावर सतत बोटं वाजवणारा एक मुलगा होता, त्याला सगळे तबला म्हणत, तो गेला. पुढच्या टेबलावरची एक अबोल मुलगी होती, तीही गेली. जाणारा गेला की जागा तेवढी मोकळी व्हायची, आणि सर म्हणायचे, "गाळ खाली बसला."

सुट्टी संपली आणि नवीन वर्षात मानसशास्त्र विभागाची एक संशोधक स्टुडिओत आली. तिशीची, जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर फुगलेली पिशवी. संकटातून सावरण्याची ताकद विद्यार्थ्यांत कशामुळे येते, या विषयावर ती प्रबंध लिहीत होती. तिने प्रश्नांचे कागद वाटले. 'अडचण आली तरी मी पुन्हा उभा राहतो', 'मला जमेल असा माझा स्वतःवर विश्वास आहे', 'माझ्या पाठीशी माणसं आहेत', अशी वाक्यं, आणि पुढे खुणा करायच्या. मुलांनी खुणा केल्या. सर दारात उभे होते. दारात सर उभे असताना 'मी पुन्हा उभा राहत नाही' असं कोण लिहिणार?

महिन्याभराने विभागाच्या कार्यक्रमात सर मंचावर उभे राहिले. चेहऱ्यावर तेज. "मित्रहो, एक आनंदाची बातमी. सगळ्या विद्यापीठात सर्वांत कणखर मुलं कुठली, तर आपल्या विभागाची. हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतंय. मी उगाच ओरडत नाही तुमच्यावर." टाळ्या पडल्या. सूचनाफलकावर तशी ओळ लागली, जाड अक्षरांत.

मोजपट्टीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाळ्या वाजवणाऱ्या काकूचा हात तिने खाली ओढला.

"अगं, काय झालं?"

"डिंकी कुठाय?"

"ती गेली ना."

"मग टाळ्या कसल्या वाजवतेस?"

ती तशीच उठली आणि मानसशास्त्र विभागात गेली. झेरॉक्सचं दुकान आणि जिना यांच्या मधल्या एका चिंचोळ्या खोलीत संशोधक बसली होती. टेबलावर कागदांचे ढीग, एका ढिगावर चहाचा कप. मोजपट्टी दारातच उभी राहिली, कारण आत दोघींना जागा नव्हती.

"ताई, ते प्रश्न तुम्ही कुणाला विचारलेत?"

"तुमच्या वर्गाला. तू होतीस ना?"

"मी होते. जे नव्हते त्यांना विचारलंत का?"

"नव्हते म्हणजे गैरहजर?"

"नव्हते म्हणजे सोडून गेले. सरांनी घालवले. ज्यांची कंबर मोडली त्यांना आधी बाहेर काढायचं, मग आत उरलेल्यांच्या पाठी मोजायच्या आणि म्हणायचं, बघा, एकाचीही कंबर मोडलेली नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

संशोधकेने चष्मा काढला. "लक्षात आलं होतं," ती म्हणाली. "मी तुमच्या विभागाकडे सोडून गेलेल्यांची नावं मागितली होती. मिळाली नाहीत. माझे मार्गदर्शक म्हणाले, जाऊ दे, आहेत तेवढ्यांवर कर. मी केलं. आणि ती फलकावरची ओळ माझी नाही. मी असं कुठेही लिहिलेलं नाही."

"पण खोडलीही नाहीत."

"नाही," ती म्हणाली. "खोडली नाही."

मोजपट्टी भांडायच्या तयारीने आली होती. समोरची बाई अशी सरळ मान्य करील असं तिला वाटलं नव्हतं. भांडणाची सगळी हवाच गेली. ती म्हणाली, "नावं मला माहीत आहेत. पत्ते काढते. तुम्ही येणार का?"

रविवारी दोघी निघाल्या.

तबला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सापडला. काचेच्या कपाटावर बोटं वाजवतच बसला होता. दोघींना बघून त्याला मनापासून आनंद झाला, स्टूल पुसून दिलं. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात ड्रॉइंग द्यायचं होतं. त्याने चार दिवस मागितले. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, घरच्या सबबी घरी ठेवायच्या. "मग मीच घरी राहिलो," तबला हसत म्हणाला. "बाबा आता बरे आहेत. दुकान बरं चालतंय." संशोधकेने त्याला तीच वाक्यं वाचून दाखवली. 'अडचण आली तरी मी पुन्हा उभा राहतो.' तो म्हणाला, "उभाच तर आहे, सकाळपासून." आणि पुन्हा बोटं वाजवू लागला. पण निघताना त्याने हळूच विचारलं, "वर्षाचा शेवटचा विषय काय होता गं? मी गेल्यानंतरचा?" मोजपट्टीने सांगितलं. त्याने मान हलवली आणि एका फोनचं झाकण उघडलं.

अबोल मुलीच्या घराचं दार तिच्या आईने अर्धंच उघडलं.

"कुठून आलात?"

"विद्यापीठातून. तिची मैत्रीण आहे मी, स्टुडिओतली."

"तिथून आलात? मग जा बाई. ती कुणाला भेटत नाही."

"मावशी, फक्त दोन मिनिटं—"

"माझी पोरगी घरभर गाणी म्हणायची," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, आणि म्हणूनच ते ऐकवेना. "आता पंखा लावू का म्हणून विचारलं तरी दचकते. तुम्ही जा." दार लागलं. जिना उतरताना संशोधकेने कठडा धरला आणि मधल्या पायरीवर थोडा वेळ थांबली. मोजपट्टीला तिथल्या तिथे कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं, आणि फोडण्यासारखं डोकं आसपास नव्हतं.

डिंकी काकांच्या फरशीच्या दुकानात होती. मागच्या गोदामात, फरश्यांच्या उभ्या रांगांमध्ये, केस बांधून, हातात खडू घेऊन ती जमिनीवर कसलीशी आखणी करत होती. मोजपट्टीला बघून तिने खडू खाली ठेवला. आनंद झाला की नाही ते कळेना.

"पाणी घेणार?"

"तू फोन का उचलत नाहीस?"

"उचलून काय सांगू?"

संशोधक बाहेरच थांबली, शहाणपणाने. मोजपट्टी एका खोक्यावर बसली. तिने मनात बरंच बोलायचं ठरवलं होतं: सर कसे राक्षस आहेत, तू किती चांगली होतीस, परत चल. ती सुरुवात करणार तोच डिंकी म्हणाली, "सर बोलले त्याचं मला फार काही नाही गं. सर तसेच आहेत. आजोबांनी याहून वाईट बोललेलं ऐकलंय मी. दुखलं की ते काय वाटेल ते बोलायचे."

"मग?"

"तुम्ही सगळ्यांनी खाली बघितलं." डिंकीने खडूची भुकटी हातावरून झटकली. "मी मान वर केली होती. कुणाच्या तरी डोळ्याला डोळा मिळावा म्हणून. कुणी तोंड उघडायला हवं होतं असं नाही. पण एकाचेही डोळे दिसले नाहीत. ज्यांच्या ज्यांच्या भिंती मी चिकटवून दिल्या होत्या ना, त्यातल्या एकाचेही. मग वाटलं, मी इथे कुणाची कोण आहे?"

मोजपट्टीने डोळे पुसले नाहीत, सबब सांगितली नाही. म्हणाली, "खरं आहे."

"आता रडू नकोस," डिंकी म्हणाली. "काका म्हणतील, गिऱ्हाईक रडवलं."

परतीच्या बसमध्ये संशोधक खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "पुस्तकात हे सगळं आहे. माणूस का सावरतो? आपल्याला जमेल असं वाटतं म्हणून. उद्या बरं होईल अशी आशा असते म्हणून. आपण करतोय त्याला अर्थ आहे असं वाटतं म्हणून. आणि बाजूला माणसं असतात म्हणून. पण आम्ही मोजायला बसलो की हे सगळं त्या एकट्या जीवाच्या आत शोधतो. जणू काही ते त्याचं हाड आहे, जन्मतःच घट्ट किंवा ठिसूळ. ते कुणी दिलं आणि कुणी काढून घेतलं, हे कोण विचारतं?"

"मग मी कशी टिकले?" मोजपट्टी म्हणाली. "मी डिंकीहून काही घट्ट नाही. माझीही ड्रॉइंग फाडलीत त्यांनी."

"मला कसं माहीत असणार? तूच सांग."

ती विचार करत राहिली. आणि तिला आठवली बाबांची व्हॅन. दर ज्युरीच्या दिवशी बाबा शाळेच्या मुलांना सोडून रिकामी व्हॅन घेऊन फाटकाशी येऊन थांबायचे. काही विचारायचे नाहीत. ती मागच्या बुटक्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसायची, आणि बाबा सरळ रस्त्याने न जाता उगाच लांबून, तळ्याच्या बाजूने न्यायचे. जाताना कुठल्या पोराने आज कुणाच्या डब्यात खोडरबर टाकलं, असल्या गोष्टी सांगायचे. घर येईपर्यंत हिचं हुंदके देणं आटपलेलं असायचं. ही तिची ताकद. तिची म्हणायची की बाबांची? डिंकीला फाटकाशी कुणी नव्हतं. आजोबांना धरायला तीच होती, तिला धरायला कोण होतं?

हे कळल्यावर तिचा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. सरांवर तर होताच; आता फलकावरच्या त्या ओळीवर, टाळ्यांवर, 'गाळ खाली बसला' म्हणण्यावर, आणि ते ऐकून हसणाऱ्या आपल्या सगळ्यांवर.

पुढच्या ज्युरीला घुम्याचा नंबर होता. घुम्या म्हणजे वर्गातला सगळ्यात कमी बोलणारा मुलगा; बोलायला लागला की शब्द अडायचे, म्हणून तो बोलायचं टाळायचा. सरांनी त्याचं मॉडेल उचललं.

"जिना इथे का?"

"स-सर, कारण उ-उजेड..."

"आधी बोलायला शीक, मग जिने बांध."

मोजपट्टी आपल्या टेबलावरून उठली. ती चालत गेली आणि घुम्याच्या शेजारी उभी राहिली. काही बोलली नाही. मग काकू उठली, विणकाम हातातच होतं. मग आणखी तिघं-चौघं. बाकीचे बसून राहिले. पण त्यांनीही माना वर केल्या होत्या.

"हा काय प्रकार आहे?" सर म्हणाले. "मोर्चा आणलाय का?"

"नाही सर," मोजपट्टी म्हणाली. "त्याचं मॉडेल बघायला आलो. लांबून नीट दिसत नाही."

"जागेवर जा."

मागून आलेले परत गेले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. वर्षाचे गुण सरांच्या हातात होते. ती आणि काकू हलल्या नाहीत. सरांच्या हातात मॉडेल होतं, आणि ते आता मोडावं की ठेवावं हे त्यांना ठरवता येईना. इतके डोळे अंगावर घेऊन मोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ते खाली ठेवलं. जरा जोरात, पण ठेवलं. आणि घुम्या, जो आजवर पूर्ण वाक्य क्वचितच बोलला असेल, तो अडत अडत जिन्याबद्दल बोलायला लागला. उजेड दुपारी तिथून कसा उतरतो, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं. सर मधेच निघून गेले. बाहेरचे परीक्षक मात्र बसून ऐकत राहिले.

पुढे जे व्हायचं ते झालं. मोजपट्टीला आणि काकूला अधिष्ठात्यांनी बोलावलं. प्रशस्त खोली, मोठं टेबल, आणि आवाज मऊ लोण्यासारखा.

"तुम्हा मुलांमध्ये सहनशक्तीच राहिलेली नाही," अधिष्ठाते म्हणाले. "आमच्या वेळी आम्ही छडीसुद्धा खाल्ली."

"म्हणून तुम्हाला आमच्या अंगावरची दिसत नाही," मोजपट्टी म्हणाली.

काकूने तिच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

काकू काठावर पास झाली. मोजपट्टी स्टुडिओच्या विषयात नापास. वर्ष गेलं. घरी निकाल सांगितला तेव्हा आईने मशीन थांबवलं नाही. फक्त त्या दिवशी एक पडदा चुकीच्या बाजूने शिवला गेला आणि सगळा उसवावा लागला. उसवता उसवता म्हणाली, "बोलायचं नसतं म्हणून सांगितलं होतं मी तुला. चुकीचं सांगितलं." बाबा तळव्यावर किल्ली वाजवत उभे होते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षीही व्हॅन त्याच रस्त्याने जाते."

संशोधकेचीही गत फार वेगळी झाली नाही. सोडून गेलेल्यांबद्दलचं प्रकरण तिने प्रबंधात घातलं. तिने आणखी पुष्कळांना गाठलं होतं, निरनिराळ्या विभागांतल्या. मार्गदर्शक म्हणाले, हे विषयाच्या बाहेर आहे, काढ. तिने काढलं नाही. वास्तुकला विभागाने तक्रार केली, पदवी रखडली, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. शेवटी पदवी मिळाली, आणि ते प्रकरणही राहिलं. फलकावरची ओळ मात्र तिने त्याआधीच, भर दुपारी, स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. शिपाई बघत होता. त्याने तिला उंच स्टूल आणून दिलं.

मग विद्यापीठाने एक सूचना काढली: परीक्षकांनी विद्यार्थ्यांच्या कामाला हात लावू नये. एवढीच. सर हात लावायचे थांबले आणि जिभेवर जास्त भर देऊ लागले. काही वर्षांनी मोठ्या सत्कारासह निवृत्त झाले. आपण मुलांना घडवलं, हा त्यांचा विश्वास कधी डळमळला असेल असं वाटत नाही. सत्काराच्या भाषणांत सगळे त्यांच्या कडक शिस्तीचं कौतुक करत होते आणि मोजपट्टीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पण स्टुडिओत एक गोष्ट बदलली, ती कुठल्या सूचनेने नाही. ज्याचा नंबर असेल त्याच्या शेजारी कुणी ना कुणी जाऊन उभं राहायचं. नवीन मुलांना वाटायचं ही इथली जुनी पद्धतच आहे.

डिंकी परत आली नाही. मोजपट्टीने खूप विनवलं. एकदा भांडणही झालं. डिंकी म्हणाली, "मी बरी झाले म्हणजे मी तिथे परत यायलाच हवं, हा कुठला हिशेब?" तिने फरशीचं काम हातात घेतलं, शिकली, आणि आता दवाखान्यांच्या, शाळांच्या जमिनी तीच आखून देते. काम जोरात आहे. तबल्याचं दुकान मोठं झालं. अबोल मुलीचं काय झालं ते मोजपट्टीला कळलं नाही. तिने दोनदा जाऊन बघितलं. दुसऱ्यांदा त्या दारावर वेगळीच पाटी होती. ही गोष्ट ती कुणाला सांगते तेव्हा हा भाग ती गाळत नाही. डिंकीचं बरं झालं, तबल्याचं बरं झालं, म्हणजे सरांचं बरोबर होतं असं म्हणणारा कुणी ना कुणी निघतोच, आणि त्याला ती त्या अर्ध्या उघडलेल्या दाराचं सांगते.

एक वर्ष उशिरा का होईना, मोजपट्टी वास्तुविशारद झाली. लहानसं कार्यालय आहे तिचं. गेल्या वर्षी एका दुसऱ्या कॉलेजाने तिला ज्युरीसाठी बोलावलं. तिथला शिक्षक तरुण होता, हसरा, मुलांशी बरोबरीने बोलणारा. एका मुलीचं मॉडेल त्याने बोटाने ढकललं, त्याची गच्ची निघून पडली, आणि तो हसत हसत मोजपट्टीकडे वळून म्हणाला, "जरा कणखर व्हायला नको का मॅडम यांनी?"

मोजपट्टीने पेन खाली ठेवलं.

"पुन्हा त्याला हात लावलात तर मी उठून जाईन," ती म्हणाली. "आणि का गेले, ते बाहेर सगळ्यांना सांगत जाईन."

शिक्षकाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मोजपट्टीने आपली खुर्ची उचलली, त्या मुलीच्या टेबलाच्या बाजूला नेऊन ठेवली, तिच्या शेजारी बसली आणि विचारलं, "गच्चीवर जायला वाट कुठून आहे गं?" मुलगी बोलायला लागली आणि तिचं सांगून होईपर्यंत तिला कुणी मधे तोडलं नाही.

त्या कॉलेजाने मोजपट्टीला पुन्हा बोलावलेलं नाही. डिंकीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली. "अजून राग जात नाही ना गं तुझा?"

"नाही जात," मोजपट्टी म्हणाली. "आणि जाऊही नये."